धावपट्टीवरचा माणूस

ही घटना खरी आहे. खोटी असती तर मी ती अमावास्येच्या रात्री घडवली असती.

पण घडली ती भर दुपारी. गेल्या ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी, लख्ख उन्हात. किरगिझस्तानच्या दक्षिणेकडच्या एका खोऱ्यातल्या छोट्याशा विमानतळावर. विमानतळाचं नाव सांगत नाही. तिथून अजूनही विमानं उडतात, आणि त्यातल्या एखाद्यात बसूनच मला गावी यावं-जावं लागतं.

जिच्या बाबतीत हे घडलं ती बुरुल, माझ्या बायकोची थोरली बहीण. टॉवरमध्ये कंट्रोलर आहे. आयुष्यात कधी कुणाला घाबरली नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तो तर पोलिसात होता.

त्या दुपारी मात्र ती घाबरली.

त्या खोऱ्यातला वारा सरकारी नोकरासारखा आहे. सकाळी डोंगरावरून खाली येतो, जेवणाच्या सुमारास पाठ फिरवतो आणि नदीकडून वर चढायला लागतो. उतरताना विमानाला वारा समोरून हवा असतो. म्हणून सकाळी विमानं नदीच्या बाजूने येऊन उतरतात आणि दुपारनंतर डोंगराच्या बाजूने. या अदलाबदलीला तिथे 'पट्टी फिरवणं' म्हणतात. पट्टी अर्थातच जागची हलत नाही. फिरतात ती माणसं.

तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत, रडारसमोर साबिर बसतो. आकाश त्याच्या ताब्यात. वर काचेच्या टॉवरमध्ये बुरुल बसते. धावपट्टी तिच्या ताब्यात. वारा फिरला की दोघं थेट फोनवर ठरवतात, की जुन्या बाजूने अमुक विमान उतरलं की बस्स. त्यानंतर पट्टी बंद. मग एक जीप पट्टीवर जाते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून येते. दगड, मेलेला पक्षी, चुकार मेंढी... काही नाही ना? जीप बाहेर आली की नवी बाजू सुरू.

या मधल्या वेळात अख्ख्या पट्टीवर एकच माणूस असतो. जीपवाला.

जीपवाला होता अशिर, बुरुलचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. बुरुलनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, बुरुलनेच मारलं, बुरुलनेच त्याचं लग्न लावलं आणि बुरुलनेच नोकरीला चिकटवलं. तो तिला 'एजे' म्हणतो. म्हणजे ताई. वायरलेसवरसुद्धा.

"एजे, वरून तुला माझं टक्कल दिसतं का गं?"

"तुझं टक्कल बिश्केकहून दिसतं. पट्टीकडे बघ."

रोजचं हे असं चालायचं. कुणाला काही त्रास नव्हता.

मग विमानतळाला नवे साहेब आले, कुबात सापारोविच.

आता त्या मुलखातल्या विमानवाल्यांची एक रीत सांगायला हवी. ते 'शेवटचं' हा शब्द उच्चारत नाहीत. शेवटचं विमान नाही, 'कडेचं' विमान. शेवटची फेरी नाही, कडेची फेरी. लग्नात बाटली संपत आली तरी कडेचा पेला. आपण नाही का घरातून निघताना 'जातो' म्हणत, 'येतो' म्हणतो? तसंच. का, ते कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याकडे लोक असं बघतात, की तो पुन्हा विचारत नाही.

कुबात सापारोविच परदेशातून सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेऊन आले होते. सोबत एक जाडजूड फाइल आणि एक तक्ता होता. तक्त्यावर लिहिलं होतं, 'स्पष्ट बोला'. तो त्यांनी टॉवरच्या जिन्यात लावला आणि सगळ्यांना बोलावलं.

"पट्टी फिरवताना तुम्ही लोक कडेचं म्हणता. कशाच्या कडेचं? दरीच्या? एकाने एक समजलं, दुसऱ्याने दुसरं, तर समोरासमोर दोन विमानं येतील पट्टीवर! सोमवारपासून शेवटचं म्हणायचं. स्वच्छ शब्दांत. मी रोज संध्याकाळी फोनचं रेकॉर्डिंग ऐकणार आहे."

साबिरने फक्त खोकल्यासारखं केलं.

खरं सांगायचं तर साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. तीच पंचाईत होती.

सोमवार. दुपार. वारा फिरला.

बुरुलने फोन उचलला. साबिरला ती 'बाइके' म्हणते, म्हणजे दादा. "साबिर बाइके, पट्टी फिरवूया. नदीकडून बिश्केकचं येतंय ते..." ती थांबली. "ते शेवटचं."

"म्हटलंस शेवटी," साबिर म्हणाला.

"हुकूम आहे, बाइके."

"हुकूम मलाही आहे. पण तू आधी म्हणशील याची वाट बघत होतो मी."

बिश्केकचं विमान उतरलं. पट्टीवरून बाहेर पडलं. साबिरने फोनवर नियमाप्रमाणे म्हटलं, "शेवटचं उतरलं. जुनी बाजू बंद."

आणि मग फोनमध्ये...

"अजून एक."

आवाज शांत होता. वयस्कर. फार लांबून चालत आलेला माणूस दारात उभा राहून बोलतो, तसा.

"कोण अजून एक?" बुरुलने विचारलं.

"मी कुठे काय म्हणालो? तूच म्हणालीस."

"बाइके, चेष्टा नको. पुरुषाचा आवाज होता."

"अगं, तुझा आवाज फोनवर पुरुषासारखाच येतो. माझ्या पडद्यावर काही नाही. आकाश रिकामं आहे."

बुरुलने नदीकडे पाहिलं.

पट्टीच्या त्या टोकाला, कुंपणापलीकडे नेहमी मेंढ्या चरत असतात. विमानतळाच्या मेंढ्या त्या. डोक्यावरून जेट गेलं तरी मान वर करत नाहीत.

त्या सगळ्या मेंढ्यांनी... एकाच वेळी... मान वर केली.

आणि हळूहळू वळवली. नदीकडून पट्टीकडे. वरून खाली. काहीतरी उतरत असावं आणि त्या ते बघत असाव्यात, तशी.

आकाशात काही नव्हतं. ऊन होतं.

मग पट्टीवर, विमानाची चाकं जिथे टेकतात तिथे, धुळीचे दोन लोट उठले. शेजारी शेजारी. नेमके चाकांइतक्या अंतरावर.

चाकं नव्हती.

आवाजही नव्हता. बुरुल म्हणते, तेच जास्त वाईट होतं.

"एजे, जाऊ का आत?" वायरलेसवर अशिर. तो जीप घेऊन पट्टीच्या तोंडाशी उभा होता. तोंडात कुरुत होता. सुकवलेल्या दह्याचा तो खारट खडा तो दिवसभर चघळत असतो. त्यामुळे त्याचं बोलणं कायम बोबडं येतं.

"थांब."

"काय आहे?"

"थांब म्हटलं ना, गाढवा!"

तिने धूळ बसू दिली. मग आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग त्याला आत सोडलं. पट्टीवर काही मिळालं नाही.

मंगळवारी वारा फिरलाच नाही. बुरुलने त्याबद्दल देवाचे आभार मानले. हे तिने मला नंतर सांगितलं, आणि कुणाला सांगू नको म्हणाली.

बुधवारी फिरला.

तिने तोच शब्द म्हटला. साबिरने तोच म्हटला. ती कान देऊन बसली. काही आलं नाही. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि अशिरला आत पाठवलं. जीप पट्टीच्या मध्यावर पोचली आणि...

"अजून एक."

मेंढ्यांच्या माना वर होत्या.

"अशिर! बाहेर हो! गवतात घाल जीप! आत्ता!"

बहिणीचा तो आवाज त्याला लहानपणापासून ओळखीचा होता. त्याने कारण विचारलं नाही. स्टिअरिंग फिरवलं. जीप गवतात उतरली न उतरली तोच एका कुशीवर कलंडल्यासारखी झाली आणि परत चाकांवर आदळली. पिशवीतले सगळे कुरुत गाडीभर झाले.

"एजे," थोड्या वेळाने तो म्हणाला. बोबडं नव्हतं. "शेजारून ट्रक गेला का गं आत्ता?"

"नाही."

"मग काय गेलं?"

त्या गोंधळात डोंगराकडून येणारं एक विमान वर घिरट्या घालत राहिलं. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं.

"बुरुल असानोव्हना, जीप पट्टीवरून का काढली?"

तिच्याकडे उत्तर होतं. ते देण्यासारखं नव्हतं.

"पुन्हा विनाकारण असं झालं तर मी तुम्हाला टॉवरमधून खाली बसवीन. आणि जीप चालवायला माणसं पुष्कळ आहेत. भाऊच पाहिजे असं नाही."

ती तशीच खाली साबिरकडे गेली. त्या अंधाऱ्या खोलीत पडद्याचा हिरवा उजेड साबिरच्या चेहऱ्यावर पडलेला असतो. तो जिवंत असतानाही मेल्यासारखा दिसतो, असं सगळे म्हणतात. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

"ऐकलंस ना आज तूही?"

"ऐकलं," साबिरने तिच्या वाटीत दोन घोट चहा ओतला. "बस."

"कोण आहे ते?"

"मला काय माहीत? माझ्या पडद्यावर जे येतं तेवढंच मला माहीत असतं." मग तो थांबला. "पण मी विचार करत होतो. इतकी वर्षं इथे कुणी तो शब्द म्हटला नव्हता. रशियनांच्या काळापासून. म्हणजे मागून कुणी येणार असेल, तर त्याला दार लागलंय असं कधी कळलंच नव्हतं. आता आपण रोज दुपारी त्याला ओरडून सांगतोय, की दार लागलं."

"म्हणजे?"

"बाहेर राहिलेला माणूस घाई करणारच ना, बुरुल?"

"मग कडेचं म्हणूया ना गुपचूप."

"रेकॉर्डिंग ऐकतात ते. रोज. पुलाव खाता खाता."

गुरुवारी बुरुलची सुट्टी होती. अशिरचीही.

आणि मग तो शुक्रवार.

साहेब स्वतः टॉवरमध्ये आले. बघतो म्हणाले, कसं चालतं ते. बुरुलने त्यांना चहा दिला. वाटी काठोकाठ भरून दिली. त्या देशात हवाहवासा वाटणाऱ्या पाहुण्याला चहा थोडा थोडा देतात. काठोकाठ भरली वाटी म्हणजे, पिऊन घ्या आणि निघा. पण साहेब परदेशात राहून आले होते. "वा, भरपूर!" म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

वारा फिरला.

ती साहेबांच्या देखत फोनवर म्हणाली, "हे शेवटचं." साहेबांनी समाधानाने मान हलवली.

विमान उतरलं. त्याच्या पायलटने वायरलेसवर सांगितलं, "टॉवर, पट्टीच्या मध्यावर काहीतरी काळं पडलंय. रबराचा तुकडा वाटतो. काढून घ्या."

आता जीप आत पाठवायलाच हवी होती. डोंगराकडून पुढचं विमान निघालं होतं. तुकडा चाकाखाली आला असता तर त्या विमानातल्या माणसांचं काय झालं असतं, हे बुरुलला तक्त्यावर वाचायची गरज नव्हती.

"अशिर, जा. लवकर उचल आणि नीघ."

"हो एजे."

जीप मध्यावर पोचली. थांबली. अशिर उतरला. नदीकडे पाठ करून, वाकून, डांबराला चिकटलेलं काहीतरी ओढू लागला. ते निघेना.

त्याचा वायरलेस जीपमध्ये होता.

टॉवरमध्ये फोनचा स्पीकर चालू होता. साबिरचा आवाज आला, "शेवटचं उतरलं. जुनी बाजू..." आणि तो मध्येच थांबला. नियमाप्रमाणे वाक्य पुरं केलं नाही.

ते दुसऱ्या कुणीतरी पुरं केलं.

"अजून एक."

"हे कोण बोललं?" कुबात सापारोविच म्हणाले.

मेंढ्या... मान वर...

"अशिर! अशिर, बाहेर हो!"

तो वाकलेलाच. बुरुलने सिग्नलचा दिवा उचलला, लाल उजेड त्याच्यावर धरला. हलवला. त्याची पाठ होती. भर उन्हात पाठीला उजेड दिसत नाही.

मेंढ्यांच्या माना हळूहळू खाली येत होत्या.

"बुरुल असानोव्हना, तिथे काहीही नाहीये," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मला काहीही दिसत नाहीये."

तिलाही दिसत नव्हतं. तिला फक्त तिचा भाऊ दिसत होता. टक्कल चमकत होतं.

तेव्हा बुरुलने माईकचं बटण दाबलं. विमानाशी बोलायला विमानाचं नाव लागतं. तिच्याकडे नाव नव्हतं. तरी ती बोलली. रोज बोलते त्याच आवाजात, तेवढ्याच सावकाश.

"नदीकडून येणारं विमान. पट्टीवर माणूस आहे. उतरू नका. फेरी घ्या. पुन्हा सांगते, पट्टीवर माणूस आहे. फेरी घ्या."

खरखर.

मग...

"समजलं. पट्टीवर माणूस. फेरी घेतो."

आणि या वेळी आवाज आला. इंजिनांचा. जुन्या, जड, पंख्यांच्या इंजिनांचा. अशिर पट्टीवर पालथा पडला. त्याच्या जॅकेटची पाठ फुग्यासारखी फुगली. मग तो आवाज टॉवरवरून गेला. काचा थरथरल्या. साहेबांच्या मांडीवर अख्खी वाटी सांडली आणि त्यांना भाजल्याचं कळलंसुद्धा नाही.

आवाज डोंगराकडे गेला. वळला. बारीक झाला.

पण थांबला नाही. बुरुल हे दोनदा सांगते. तो थांबला नाही, फक्त लांब गेला.

अशिर उठला. हातात रबराचा तुकडा होता. डोंगराकडून येणारं विमान नीट उतरलं. त्यातून एक लग्नाचं वऱ्हाड उतरलं आणि बँड वाजवत निघून गेलं.

त्या संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. त्यावर बुरुलचा आवाज होता, साबिरचा होता. मग थोडी जागा मोकळी. मग पुन्हा बुरुल, अशिरला हाका मारताना.

दुसऱ्या दिवशी जिन्यातला तक्ता नव्हता. साहेबांनी तोंडी सांगितलं, "पूर्वी जसं म्हणत होतात तसंच म्हणा." पुन्हा तिथे तो शब्द कुणी उच्चारला नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कंट्रोलरने ज्या विमानाला फेरी घ्यायला लावली, त्याला खाली आणायची जबाबदारी त्याच कंट्रोलरची असते. तो नियम बुरुलला साहेबांनी शिकवलेला नव्हता. तो तिला आधीपासून पाठ होता.

शनिवारी दुपारी वारा फिरला. पट्टी फिरली. सगळ्यांनी 'कडेचं' म्हटलं. फोन शांत राहिला.

मग वायरलेसच्या स्पीकरवर...

"पट्टीवरचा माणूस हटला का?"

बुरुलने पट्टीकडे पाहिलं. पट्टी मोकळी होती. अशिर घरी झोपला होता, अंगात ताप होता.

खरं उत्तर 'हो' होतं. 'हो' म्हटलं की ते उतरणार. उतरलं की दार उघडणार. आत कोण, किती जण, आणि ते कुणाला भेटायला आलेत...

"नाही," ती म्हणाली. "अजून आहे."

"समजलं. फेरी घेतो."

तेव्हापासून रोज दुपारी हेच. बुरुलने सुट्टी घेणं बंद केलंय. साहेब काही न विचारता दुपारची पाळी तिच्या नावावर लावतात. सुरुवातीला साबिरने एकदा म्हटलं होतं, "काय इंधन असेल गं त्यात!" पुन्हा म्हटलं नाही.

आणि अशिर.

त्याने जीप सोडली. आता तो बाजाराच्या नाक्यावर टॅक्सी चालवतो. विमानतळाकडचं भाडं घेत नाही. एका संध्याकाळी जेवणाच्या दस्तरखानाभोवती आम्ही सगळे बसलो होतो. बुरुल पाळीवरून आली. अशिरने तिच्यापुढे पाव तोडून ठेवला आणि एकदम म्हणाला,

"एजे, तू त्यांना एकदा सांगून टाक ना, मी हटलो म्हणून."

आम्ही कुणीच त्याला सांगितलं नव्हतं. बुरुलने तर नाहीच.

"तुला कोण म्हणालं?"

"मी अजून तिथंच आहे, एजे. डोळे मिटले की पायाखाली डांबर लागतं. बाजारात गर्दीत उभा असलो तरी दोन्ही बाजूंना लांबच लांब मोकळं वाटतं. आणि मागून..." त्याने मान हलवली. "रोज. दुपारी. सांगून टाक गं."

"आणि ते उतरलं तर?"

"उतरू दे."

"उतरेल तेव्हा तू कुठे असशील?"

माझ्या बायकोने उठून सगळ्यांना चहा ओतला. थोडा थोडा.

बुरुल मला म्हणाली, खोटं बोलून मी त्याला वाचवतेय की तिथे उभं करून ठेवलंय, तेच कळत नाही. पुढच्या महिन्यात ती निवृत्त होतेय. तिच्या जागी येणारी मुलगी हुशार आहे. तिला शिकवलंय, की पट्टी मोकळी असेल तर मोकळी आहे असंच सांगायचं.

म्हणजे त्याआधी बुरुललाच काय ते ठरवावं लागेल. कुठल्या दुपारी, ते तिने मला सांगितलेलं नाही.

अशिर हल्ली जेवायला आमच्याकडे येतो. आत्ता हे लिहितोय तेव्हा तो समोर बसून खिम्याच्या वाफवलेल्या मान्ती खातोय. खिडकी बंद आहे. बाहेर पॉपलरची पानं एवढा वेळ नदीकडे वळलेली होती. ती आता डोंगराकडे वळायला लागलीत.

त्याचा हात थांबला.

त्याने मान खांद्यांत घातली. कानांवरचे उरलेसुरले केस एकदम मागून पुढे गेले... आणि परत बसले.

मग तो पुन्हा खायला लागला.

म्हणजे आजही ती 'नाही' म्हणाली.

ज्या दुपारी तो मान खांद्यांत घालणार नाही, त्या दुपारी माझ्यासमोरच्या या खुर्चीवर काय असेल, ते मला माहीत नाही.